तिरडीपुढे चालणारा यवाब

आजचे वाचन : २ शमुवेल २:१२-३२ आणि ३:२२-३९



आजचा भाग मोठा आहे, पण तो तोडून वाचू नका. चहाचा कप बाजूला ठेवा आणि एका बैठकीत दोन्ही भाग वाचून काढा. तिसऱ्या अध्यायात हेब्रोनच्या कबरीपाशी जे रडणे आहे, ते दुसऱ्या अध्यायातल्या एका खेळातून निघाले आहे. हा दुवा सुटला तर दावीद एवढा का रडतो आहे तेच कळत नाही.

आज तारीख २ जुलै. १९९४ साली याच तारखेला, पहाटे तीनच्या सुमारास, दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात मेडेलिन शहरात आंद्रेस एस्कोबार नावाच्या फुटबॉलपटूला गोळ्या घालून मारण्यात आले. वय वर्षे २७. फुटबॉल बघणाऱ्यांना हे नाव माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आजचे दोन अध्याय आणि ही घटना शेजारी ठेवून वाचायची आहेत, म्हणून आधी दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

आंद्रेस मेडेलिनचाच मुलगा. तिथल्या अॅटलेटिको नॅसिओनाल या क्लबचा बचावपटू, पाठीवर २ नंबर. १९८९ साली या क्लबने कोपा लिबेर्तादोरेस जिंकला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक. त्या संघात तो होता. मैदानावर शांत आणि सभ्य, म्हणून लोक त्याला फुटबॉलमधला सद्गृहस्थ म्हणायचे. आणि हे कुठल्या शहरात? जिथे १९९१ या एका वर्षात सहा हजारांहून अधिक खून झाले त्या शहरात. अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा तिथे सगळीकडे शिरला होता, फुटबॉलमध्येही. पाब्लो एस्कोबार हा कुख्यात म्होरक्या त्याच शहरातला. आडनाव सारखे, नाते काहीच नाही. त्या काळोखात हा एक नीटनेटका, हसरा मुलगा आपल्या शहराचे नाव चांगल्या कारणासाठी जगात नेतो आहे, याचे लोकांना किती अप्रूप वाटत असेल विचार करा.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत होता. त्याआधी कोलंबियाने अर्जेंटिनाला त्यांच्याच घरी, ब्युनोस आयर्समध्ये, ५-० असे हरवले होते. पेलेसारख्या माणसानेही कोलंबिया जिंकेल असे म्हटले. आणि मग पहिलाच सामना रुमानियाकडून ३-१ ने गेला. दुसरा सामना २२ जूनला, यजमान अमेरिकेशी. त्या सामन्याआधी संघातल्या एका खेळाडूला मारण्याची धमकी आली आणि प्रशिक्षक माटुराना यांनी त्याला बाहेर बसवले. अशा मनःस्थितीत ही मुले मैदानात उतरली. ३५ व्या मिनिटाला अमेरिकेच्या खेळाडूने डावीकडून आत मारलेला चेंडू अडवायला आंद्रेसने घसरत पाय घातला आणि चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. सामना २-१ ने गेला. शेवटचा सामना स्वित्झर्लंडविरुद्ध जिंकूनही कोलंबिया पहिल्याच फेरीत घरी.

त्यानंतर आंद्रेसने देशातल्या मोठ्या दैनिकात एक लेख लिहिला. आयुष्य इथे संपत नाही, आता पुढे जायला हवे, आणि लवकरच भेटू, असा त्याचा भाव होता. बाहेर पडू नकोस, काही दिवस घरी थांब, असे सहकाऱ्यांनी सांगून पाहिले होते. पण आपल्या लोकांना आपण तोंड दाखवायला हवे असे त्याला वाटले. २ जुलैच्या पहाटे एका बारबाहेर, गाड्या लावायच्या जागेत, तो आपल्या गाडीत बसलेला असताना काही माणसांनी त्याला त्या गोलावरून डिवचले. वाद झाला आणि सहा गोळ्या झाडल्या गेल्या. सामन्याला फक्त दहा दिवस झाले होते. त्याचे लग्न ठरलेले होते.

अंत्ययात्रेला एक लाख वीस हजारांहून अधिक लोक आले असे सांगतात. हिरवे-पांढरे झेंडे, क्लबचा रंग. आता शास्त्राकडे वळू.

दुसऱ्या अध्यायात गिबोनाच्या तळ्यापाशी दोन तुकड्या समोरासमोर बसल्या आहेत. एका काठाला शौलाच्या घराण्याचा सेनापती अबनेर, दुसऱ्या काठाला दावीदाचा यवाब. अबनेर सुचवतो की तरुण मुलांनी उठून आपल्यापुढे खेळून दाखवावे. यवाब लगेच हो म्हणतो. इथे मूळ हिब्रूत जो शब्द आहे तो हसण्या-खेळण्याचाच आहे. दावीद कोशापुढे आनंदाने नाचला तिथे तोच शब्द आहे. जखऱ्याच्या आठव्या अध्यायात यरुशलेमच्या रस्त्यांवर मुलेमुली खेळतील असे अभिवचन आहे, तिथेही तोच. म्हणजे देवाच्या लेकरांच्या खेळण्यासाठीचा हा शब्द. आणि गिबोनात काय झाले? बारा इकडचे, बारा तिकडचे. प्रत्येकाने समोरच्याचे डोके धरले, कुशीत तलवार खुपसली, आणि चोवीसच्या चोवीस एकदम पडले. कोण जिंकले? कोणीच नाही. पण तेवढ्यावर थांबले असते तर! त्या खेळाचे पर्यवसान मोठ्या लढाईत झाले. संध्याकाळपर्यंत दावीदाची वीस माणसे आणि अबनेराची तीनशे साठ माणसे मेली.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त कोण खटकते माहीत आहे? ते दोघे काठावर बसलेले. खेळा म्हणाले आणि स्वतः बसून राहिले. मुले पडली ती काठावरच्यांच्या अभिमानापायी.

त्या दिवशी पडलेल्यांत असाएल होता, यवाबाचा धाकटा भाऊ. शास्त्र त्याच्याविषयी एकच गोष्ट आवर्जून सांगते, ती म्हणजे त्याच्या पायांचा वेग. रानातल्या हरिणासारखा तो पळायचा. तो अबनेराच्या मागे लागला. अबनेराने दोनदा सांगितले, बाबा रे, बाजूला हो, तुला मारून मी तुझ्या भावाला तोंड कसे दाखवू? असाएल ऐकेना. शेवटी अबनेराने भाल्याचे मागचे टोक मारले आणि तो तरुण जागच्या जागी गेला. मग २३ व्या वचनाचा शेवट बघा. आपण तो घाईत ओलांडून जातो. जिथे असाएल पडला त्या जागी जो जो येई, तो तो थांबून राही.

लढाई चालू आहे, शत्रू पळतो आहे, पाठलाग करायचा आहे, आणि सैनिक तिथे येऊन उभेच राहतात. कोणी भाषण करत नाही. एवढा वेगाने पळणारा मुलगा आता हलत नाही, हे बघताना बघणाऱ्याचे पायही थांबतात. जगात कुठेही एखादा तरुण खेळाडू असा अचानक गेला की लोक हेच करतात. मैदानाच्या फाटकापाशी येतात, फुले ठेवतात, त्याचा नंबर असलेला शर्ट कुंपणाला अडकवतात, आणि नुसते उभे राहतात. ज्यांनी त्याच्याशी कधी एक शब्दही बोललेला नाही असे लोक.

काही जण याला हसतात. आपल्या मंडळींतही हसतात. ओळख ना पाळख, कोण कुठला खेळाडू, त्याच्यासाठी एवढे रडायला काय झाले? घरच्या माणसासाठी डोळ्यांतून टिपूस येत नाही! असे बोलणारे आपण ऐकले आहेत. त्यांना मी तिसरा अध्याय वाचायला सांगेन.

अबनेर दावीदाचा कोण होता? मित्र नव्हता. वर्षानुवर्षे विरुद्ध बाजूचा सेनापती होता. शौलाच्या मुलाला, ईश-बोशेथाला, गादीवर बसवून दावीदाचे राज्य त्यानेच लांबवले. नुकताच तो समेट करायला हेब्रोनला आला होता. दावीदाने त्याला जेवण घातले, शांतीने निरोप दिला. यवाब बाहेरून परत आला, त्याला हे कळले, तो चिडला. दावीदाला न सांगता त्याने अबनेराला वाटेतून माघारी बोलावले, काही खाजगी बोलायचे आहे असे दाखवून वेशीत बाजूला घेतले, आणि पोटात वार केला. भावाचा सूड.

इथे एक गोष्ट अभ्यासासाठी लिहून ठेवा. यहोशवाच्या विसाव्या अध्यायात शरणपुरांची यादी आहे. नाशिकच्या शरणपूरमुळे हा शब्द आपल्या कानाला ओळखीचा आहे. ज्याच्या हातून माणूस मेला त्याने पळून तिथे जायचे, वेशीपाशी उभे राहून वडीलधाऱ्यांना आपली बाजू सांगायची, आणि न्याय होईपर्यंत सूड घेणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही. त्या यादीत हेब्रोन आहे. म्हणजे ज्या वेशीत माणसाला ऐकून घ्यायचे, त्याच वेशीत अबनेराला बोलायची संधी न देता मारले. आणि मरताना कितीतरी वर्षांनी दावीद शलमोनाला हेच सांगतो, १ राजे २:५ बघा. यवाबाने लढाईतल्या रक्ताचा बदला शांतीच्या दिवसांत घेतला, ही त्याची तक्रार आहे.

लढाई संपली होती, पण यवाबाच्या मनात ती संपली नव्हती. मेडेलिनमध्येही सामना २२ जूनलाच संपला होता. पंचांची शिट्टी वाजली, खेळाडूंनी शर्ट बदलले, विमान घरी आले. पण बारबाहेरच्या त्या माणसांसाठी सामना चालूच होता. खेळाला देवाने एक मोठी कृपा दिली आहे, त्याला शेवटची शिट्टी असते. हरलेला माणूस घरी जाऊन भाकरी खाऊ शकतो, झोपू शकतो, पुढच्या रविवारी परत खेळू शकतो. ही शिट्टी ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या हातात खेळ हा खेळ राहत नाही.

आता दावीद काय करतो ते सावकाश बघू. आजच्या मननाचा गाभा इथे आहे.

तो सगळ्या लोकांना आज्ञा करतो की वस्त्रे फाडा, गोणपाट नेसा आणि अबनेरापुढे शोक करत चाला. ही आज्ञा कोणाला आहे ते ३१ व्या वचनात नावानिशी दिले आहे : यवाबाला आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्या लोकांना. खून करणाऱ्याला! ज्याच्या हाताला अजून रक्ताचा वास आहे त्याने गोणपाट नेसून तिरडीपुढे चालायचे. आणि राजा स्वतः तिरडीच्या मागून. त्या दिवशी हेब्रोनच्या रस्त्यावर उभे असलेल्या एखाद्या बाईने ही यात्रा बघितली असेल तर तिला काय दिसले असेल? पुढे रडणारा खुनी, मध्ये मेलेला माणूस, मागे रडणारा राजा. तिला यातला खरा रडणारा कोण हे कसे ओळखता आले असते?

मेडेलिनच्या त्या लाखाच्या गर्दीत कोण कोण असेल? त्याच्यावर मनापासून जीव लावणारे असतील, ते बहुसंख्य असतील याबद्दल मला शंका नाही. पण दहाच दिवसांपूर्वी टीव्हीसमोर बसून त्याला शिव्याशाप देणारेही असतील. पराभवानंतर सबंध देश भडकलेला होता, संघाला धमक्या आल्या होत्या. ज्यांनी रागाच्या भरात याला मारून टाका असे म्हटले, त्यांतले कितीतरी जण दहा दिवसांनी मेणबत्ती घेऊन उभे असतील, आणि त्यांचे अश्रूही खोटे नसतील. बंदूक त्यांनी धरली नव्हती. त्यांनी फक्त शब्द हवेत सोडले होते.

याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय आपल्याला पाठ आहे. एवढीशी ठिणगी, केवढे रान पेटते. ज्या तोंडाने देवाचा धन्यवाद, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप. आपण हे वचन सासू-सुनेच्या भांडणाला लावतो, मंडळीतल्या कुजबुजीला लावतो. सामना बघताना लावतो का? क्रिकेट चालू असताना आपल्याच घरांतून काय ऐकू येते ते आठवा. झेल सुटला की कोणीतरी म्हणतेच, याला गोळ्या घाला रे! लहान मुले शेजारी बसलेली असतात. सगळे हसतात. उद्या इंग्लंडची एक गोष्ट त्यांना सांगा. आंद्रेसच्या खुनाच्या दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, बीबीसीवर अर्जेंटिना आणि रुमानिया यांच्या सामन्यावर बोलताना अॅलन हॅन्सन हे माजी खेळाडू एका बचावपटूच्या चुकीबद्दल बोलता बोलता म्हणून गेले की अशा चुकीबद्दल त्याला गोळीच घालायला हवी. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, नेहमीचा बोलण्याचा भाग होता. पण त्या दिवशी ते वाक्य ऐकून लोकांना धक्का बसला आणि बीबीसीला माफी मागावी लागली. आदल्या आठवड्यात तेच वाक्य कोणाच्या लक्षातही आले नसते.

आपल्याकडे कोणी खेळाडूला गोळी घातली नाही हे खरे. पण १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर काय झाले ते ज्यांनी बघितले त्यांना आठवत असेल. उपांत्य सामना, श्रीलंकेपुढे आपले गडी पटापट बाद होतात, लोक बाटल्या फेकतात, आगी लावतात, शेवटी सामना श्रीलंकेला दिला जातो, आणि आपल्या मुंबईचा विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर येतो. २००७ साली वेस्ट इंडिजमध्ये संघ हरला तर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. चार वर्षांनी त्याच धोनीने विश्वचषक उचलला तेव्हा फटाके वाजवले ते कोणी? बाहेरून माणसे आणली नव्हती ना! (योगायोग बघा, आंद्रेसचा जन्मदिवसही १३ मार्चच, १९६७ सालचा.)

तर मग अशा गर्दीचा शोक देवापुढे व्यर्थ आहे का? मला तसे वाटत नाही. दावीदाने यवाबाला यात्रेतून हाकलून दिले नाही, उलट तिथे चालायला लावले. पुढे चालायला लावले, जिथून तिरडी त्याच्या पाठीशी आहे आणि सगळे लोक त्याला बघत आहेत. गोणपाट नेसणे म्हणजे पश्चात्तापाचेही चिन्ह. यवाबाने ते अंगावर घेतले, पण मनाला लावून घेतले नाही. पुढे विसाव्या अध्यायात तो अमासाला जवळ घेऊन दाढी धरून मुका घेण्याच्या निमित्ताने असाच मारतो. गोणपाट मिळाले, अंत्ययात्रा मिळाली, राजाचे रडणे कानांनी ऐकले, तरी हात तसाच राहिला. मला भीती वाटते ती या गोष्टीची. रडणे खोटे असण्यापेक्षा, रडून झाल्यावर आपण तसेच राहणे.

दावीदाचे विलापगीत ३३ आणि ३४ या दोन वचनांत आहे, फार लहान आहे. शौल आणि योनाथानासाठी पहिल्या अध्यायात त्याने केवढे मोठे गीत रचले, शौर्याची वर्णने केली. अबनेरासाठी तसे काही नाही. तो थोर होता असे दावीद नंतर सेवकांजवळ म्हणतो, कबरीपाशी नाही. कबरीपाशी तो एवढेच सांगतो की हा माणूस कसा मेला. त्याचे हात बांधलेले नव्हते, पायांत बेड्या नव्हत्या, तो गुन्हेगार नव्हता, आणि दुष्टांपुढे माणूस पडावा तसा तो पडला. म्हणजे खुनाला खून म्हटले. त्या शब्दांवर लोक पुन्हा रडले असे शास्त्र सांगते. पहिल्यांदा राजा रडला म्हणून रडले होते, दुसऱ्यांदा खरे काय झाले ते ऐकून रडले.

आंद्रेसच्या मरणाविषयी बोलताना आपण हेच चुकतो. एका गोलमुळे मेला, असे म्हणतो. अहो, गोलमुळे कोणी मरत नाही. तो मेला कारण माणसांनी बंदूक चालवली. हुंबर्तो मुन्योस कास्त्रो या माणसाने गुन्हा कबूल केला, १९९५ साली त्याला ४३ वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली, आणि साधारण ११ वर्षांनी, २००५ मध्ये, तो सुटला. तो ज्यांच्याकडे कामाला होता, त्यांना खुनाबद्दल शिक्षा झाली नाही. सट्ट्यात बुडालेल्या पैशांचा सूड होता असेही बरेच लोक म्हणतात, पण ते कोर्टात सिद्ध झालेले नाही. लोकांना सरळ न्याय हवा होता, तो मिळाला नाही असे तिथे आजही अनेकांना वाटते. त्यांचे हे दुःख ३९ व्या वचनात आहे. मी अभिषिक्त राजा असूनही आज दुर्बळ आहे, सरूवेचे पुत्र मला भारी आहेत, असे दावीद कबूल करतो आणि परतफेड परमेश्वरावर सोपवतो. काही भाष्यकार यात दावीदाचा राजकीय हिशेब बघतात, यवाबासारखा सेनापती त्याला गमवायचा नव्हता म्हणतात. तसेही असेल. दावीद देवदूत नव्हता. पण ज्या देशात बंदूकवाले सरकारापेक्षा भारी होते तिथल्या माणसाला हे वचन वाचून निदान एवढे तरी कळेल की त्याची असहायता शास्त्राला ठाऊक आहे.

आणखी एक प्रश्न असतो, तो आपण हळू आवाजात विचारतो. पहाटे तीनला बारबाहेर कशाला गेला होता? चांगल्या घरचा मुलगा, अशा वेळी बाहेर कशाला? लूक १३:१-५ उघडा. पिलाताने मारलेल्या गालीलकरांची बातमी लोक येशूकडे घेऊन येतात. त्यांच्याही मनात तेच असणार, काहीतरी केले असेल त्यांनी. प्रभू त्या रस्त्याने जातच नाही. शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचीही तो आठवण काढतो आणि मेलेल्यांचा हिशेब बंद करून ऐकणाऱ्यांचा हिशेब उघडतो. मेलेल्याच्या चुका शोधणे ही आपल्या मनाची सुटका असते. त्याने काही केले असेल तर मला भीती नाही, कारण मी तसे करत नाही. प्रभू ती सुटका बंद करतो.

घरात टीनएजर मुले असतील तर हा भाग त्यांच्याबरोबर बोला. त्यांचा आवडता खेळाडू, गायक, नट असा गेला, की ती दोन दोन दिवस फोनमध्ये डोके घालून बसतात, आणि आपण म्हणतो, अभ्यास कर, तो कोण तुझा? दावीदाच्या लोकांनी त्याला जेवायचा आग्रह केला, अजून दिवस होता. त्याने सूर्य मावळेपर्यंत भाकरीला शिवणार नाही अशी शपथ घेतली. लोकांनी ते बघितले आणि त्यांना बरे वाटले, असे ३६ वे वचन म्हणते. मुलाने एक संध्याकाळ नीट जेवण केले नाही तर आभाळ कोसळत नाही. त्याला विचारा, तो खेळायचा कसा ते सांग. आणि मग जरा वेळाने हेही विचारा, गेल्या महिन्यात तो हरला तेव्हा तू त्याच्या फोटोखाली काय लिहिले होतेस? उत्तर नसेल तर ताणू नका.

मेडेलिनमध्ये २००२ साली आंद्रेसचा पुतळा उभारला. शहरातल्या कांपोस दे पास या दफनभूमीत त्याची कबर आहे. नावाचा अर्थ शांतीची मैदाने असा होतो. त्याच्या क्लबचे चाहते अजूनही सामन्यांना त्याचे चित्र घेऊन येतात. त्यांतले बरेचसे त्याच्या मरणानंतर जन्मलेले, त्यांनी त्याला कधी खेळताना पाहिलेले नाही. तेही २ नंबर उंच धरून उभे राहतात.

उद्याचे वाचन : २ शमुवेल ४, सबंध अध्याय. बारा वचनेच आहेत. ईश-बोशेथ दुपारी आपल्या बिछान्यावर झोपलेला असताना त्याच्याच दोन सरदारांनी त्याला मारले आणि दावीद खूश होईल या आशेने त्याचे शिर घेऊन ते रात्रभर चालत हेब्रोनला आले. अबनेरासाठी राजा कसा रडला हे त्यांच्या कानावर गेले असणारच, तरी ते आले. वाचताना एवढेच मनात ठेवा.